मापाने करून घेतलेला सागवानी सोफा : वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटच्या परिसरात लाकडाच्या वखारींच्या आधाराने फर्निचर करून देणारे लहान कारखाने टिकून आहेत. त्यांपैकी एका कारखान्याकडून आम्ही दिवाणखान्यासाठी तीन आसनांचा सोफा, दोन एकेरी खुर्च्या आणि एक टीपॉय असा संच आमच्या मापाप्रमाणे करून घेतला. १८ टक्के जीएसटी धरून त्याला एक लाख बेचाळीस हजार रुपये लागले. संच घरी आल्यानंतर एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा उलटला आहे, त्यामुळे लाकूड, फोम आणि कापड या तिन्हींविषयी थोडे विश्वासाने लिहिता येईल. कारखान्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच रीतीने काम करणारी दुकाने राज्यातल्या बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, आणि अशा दुकानात गेल्यावर काय पाहावे व काय विचारावे हे वाचकाच्या अधिक उपयोगाचे आहे.

तयार सोफा घेण्याचा विचार आम्ही आधी केला होता आणि त्यासाठी शोरूमही पालथ्या घातल्या. तिथे दिसणारे बहुतेक नवे सोफे खोल आणि ठेंगणे असतात. बैठकीची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीच्या उशीपर्यंतचे अंतर, २४ ते २६ इंच आणि जमिनीपासून बैठकीची उंची १५ ते १६ इंच, अशी मापे सर्रास आढळतात. वातानुकूलित दालनात पाच मिनिटे त्यात रुतून बसणे सुखाचे वाटते, यात शंका नाही. परंतु जेमतेम पाच फूट उंचीच्या व्यक्तीने अशा सोफ्यावर पाठ टेकवली, तर तिचे पाय जमिनीवरून उचलले जातात, आणि पाय टेकवले तर पाठ अधांतरी राहते. शिवाय उठताना गुडघे कमरेपेक्षा वर असल्यामुळे शरीराचा सगळा भार पुढे झोकून द्यावा लागतो. ज्या घरात गुडघेदुखीने त्रासलेली व्यक्ती आहे, त्या घरात सोफ्याची पहिली परीक्षा त्यावर बसण्याची नसून त्यावरून उठण्याची असते, आणि विक्रेते नेमकी तीच परीक्षा घेऊ देत नाहीत. ते गिऱ्हाईकाला बसवतात, चहा देतात आणि रंगांचे नमुने दाखवू लागतात.

या कारखान्याविषयी माझे मत पहिल्या भेटीतच चांगले झाले ते याच कारणाने. मालकांनी नमुन्यांची वही काढण्याआधी घरात सर्वांत जास्त वेळ सोफ्यावर कोण बसणार, असे विचारले. उत्तर माझ्या आईकडे बोट दाखवून मिळाल्यावर त्यांनी एक उघडा सांगाडा पुढे ओढला, त्याच्या बैठकीवर वेगवेगळ्या जाडीच्या फळ्या आणि वर एक उशी टाकून आईला आळीपाळीने बसवले आणि प्रत्येक वेळी म्हणाले, “काकू, हातावर जोर न देता उठून दाखवा.” त्यातून साडेसतरा इंच उंची ठरली. माणूस बसल्यावर उशी साधारण इंचभर दबते, हे त्यात धरलेले आहे. खोली २१ इंच ठरली. सोफ्याच्या हाताची उंची बैठकीपासून सात इंच आणि त्याची पुढची कड गोलसर ठेवली, म्हणजे उठताना तळव्याला नीट पकड मिळते. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या मापांचा फरक रोज जाणवतो. आई दुपारभर वाचत बसते आणि दाराची घंटा वाजली की कोणाला हाक न मारता उठते, एवढे सांगितले तरी पुरे.

आपल्या घरांत सोफ्यावर निव्वळ पाय खाली सोडून बसत नाहीत, ही गोष्टही मापे ठरवताना ध्यानात घ्यावी लागते. गप्पा रंगल्या की माणसे मांडी घालतात, शेंगा किंवा मटार सोलायला बसतात, आणि पाहुणे मुक्कामी राहिले की त्यातला एक जण सोफ्यावरच झोपतो. मांडी घालण्यासाठी प्रत्येक आसनाला २४ इंच रुंदी मिळावी म्हणून आम्ही सोफ्याची एकूण लांबी ७८ इंच घेतली. तीन उशा मिळून ७२ इंच आणि बाजूचे दोन्ही लाकडी हात तीन-तीन इंचांचे, असा हिशेब आहे. गाद्यांनी मढवलेल्या जाड हातांचा सोफा घेतला असता, तर एवढ्याच आसनांसाठी आणखी फूटभर भिंत लागली असती. आमचा दिवाणखाना दहा बाय पंधरा फुटांचा आहे, आणि अशा खोलीत सोफा व टीपॉय यांच्यामध्ये दीड फूट आणि येण्याजाण्याच्या वाटेवर किमान अडीच फूट मोकळी जागा राहिली नाही, तर सुंदर फर्निचरसुद्धा अडगळ ठरते. एल आकाराच्या सोफ्याचा मोह आम्ही याच कारणासाठी टाळला. त्याच्या कोपऱ्यातल्या जागेवर कोणी फारसे बसत नाही आणि गणपतीत आरास करण्यासाठी तो हलवताही येत नाही.

आता लाकडाविषयी. दुकानदार ‘सागवान’ म्हणतो तेव्हा त्यात बऱ्याच गोष्टी येतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांतून येणाऱ्या सागाला व्यापारात अजूनही जुन्या मध्य प्रांतावरून (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) ‘सीपी’ म्हणतात. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली याच भागातून लाकूड रवाना झाले, तेव्हापासून तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाचे नाव सर्वसामान्य गिऱ्हाइकालाही ठाऊक झाले. याशिवाय आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील लागवडीचा आयात साग बाजारात मुबलक आहे. लागवडीच्या सागाला नाव ठेवण्याचे कारण नाही, पण कमी वयात तोडलेल्या झाडात गाभ्याचे लाकूड कमी आणि बाहेरचा पांढरट भाग जास्त निघतो. सागाची वाळवीशी झुंज देण्याची जी ख्याती आहे, ती गाभ्याची आहे. पांढऱ्या भागाला वाळवी आणि भुंगा दोन्ही लागू शकतात. पॉलिशमध्ये गडद रंग मिसळला की हा फरक झाकला जातो, म्हणून लाकूड कोणत्या गावचे आहे या चर्चेत न पडता पॉलिशपूर्वी प्रत्येक तुकडा पाहू द्याल का, एवढेच विचारावे. आमच्या मालकांनी सांगाडा तयार झाल्यावर स्वतःहून फोन करून बोलावले. मागच्या एका आडव्या पट्टीत पांढरा भाग होता. तो दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता ती पट्टी बदलली.

सागच हवा, असे मात्र माझे म्हणणे नाही. शिसम जड आणि मजबूत असते. केरळातल्या रबराच्या बागांमधील झाडे चिकाचे उत्पादन घटल्यावर तोडून जे रबरवुड मिळते, त्यावर कीड लागू नये म्हणून करायची बोरॉनची प्रक्रिया नीट झालेली असेल, तर कोरड्या हवेच्या शहरात तेही चांगले चालते. आंब्याच्या लाकडाला किडीचे भय अधिक. कोकणात किंवा समुद्रकाठच्या गावात राहणाऱ्यांनी मात्र सागाचा जादा खर्च सोसावा, कारण दमट हवेत कमीत कमी फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या लाकडांत तो मोडतो. पूर्ण गाद्यांनी मढवलेल्या सोफ्याच्या आत काय आहे हे तर बाहेरून कळतच नाही. तिथे चांगल्या प्रतीचे प्लायवुड असले तरी हरकत नाही. फक्त ते आयएस ३०३ मानकाच्या पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचे आहे का, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. भुशाच्या दाबलेल्या फळीत मात्र स्क्रू फार काळ पकड धरून राहत नाही, आणि सोफ्याचा हात लचकू लागतो तो बहुधा तिथेच.

सांध्यांची पाहणी करायला सुतारकाम येण्याची गरज नाही. आमच्या सोफ्यात पाय आणि आडव्या पट्ट्या यांचे जोड एका तुकड्याचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून आणि सरस लावून केलेले आहेत, आणि आतल्या चारही कोपऱ्यांत तिरके ठोकळे स्क्रूने आवळलेले आहेत. फक्त खिळे किंवा स्टेपल पिना यांवर उभा असलेला सांगाडा उलटा करून पाहिला की लगेच ओळखू येतो. आणखी एक सोपी कसोटी अशी, की सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचलावा. सांगाडा ताठ असेल तर पुढचा दुसरा पायही लगोलग जमीन सोडतो, आणि तो तसाच टेकलेला राहिला, तर सांगाडा पिळवटतो आहे असे समजावे. आमच्या सोफ्याचे दोन्ही हात बोल्टने सुटे होतात, हा मालकांचा दूरदर्शीपणा. ७८ इंचांचा सोफा आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावणे शक्यच नव्हते, आणि जिन्याच्या वळणावर हात काढल्यावरच तो सुटला.

सर्वांत जास्त गोंधळ आणि सर्वांत जास्त फसवणूक फोममध्ये होते, असे माझे मत झाले आहे. विक्रेते ‘चाळीसचा फोम’ किंवा ‘बत्तीसचा फोम’ असे म्हणतात. हा आकडा म्हणजे घनता, एक घनमीटर फोमचे किलोग्रॅममधील वजन. घनतेचा संबंध फोम किती वर्षे आकार धरून ठेवील याच्याशी अधिक आहे. तो बसायला कडक आहे की मऊ, हा गुण वेगळा मोजतात. त्यामुळे चाळीस घनतेचा फोम मऊ असू शकतो आणि तेवीसचा कडक, आणि दुकानात बोटाने दाबून पाहण्याला काही अर्थ उरत नाही. वजन मात्र घरच्या काट्यावरही करता येते. आमच्या बैठकीची उशी २४ बाय २२ इंच आणि पाच इंच जाड आहे, म्हणजे आकारमान साधारण ०.०४३ घनमीटर. चाळीसच्या घनतेने तिचा फोम सुमारे एक किलो सातशे तीस ग्रॅम भरायला हवा, बत्तीसच्या घनतेने एक किलो तीनशे ऐंशी, आणि तेवीसच्या घनतेने जेमतेम एक किलो. खोळ काढून केलेले आमच्या उशीचे वजन पावणेदोन किलोच्या आसपास आले. काही स्वस्त फोममध्ये वजन वाढवण्यासाठी खडूसारखी भुकटी मिसळलेली असते, त्यामुळे ही कसोटी निर्णायक नव्हे. पण तेवीसचा फोम चाळीस म्हणून गळ्यात मारणाऱ्याला ती पुरेशी आहे. अशी भुकटी असलेला फोम चुरगाळला की हाताला पीठ लागल्यासारखे वाटते, हेही कारखान्यातल्या कुशनवाल्या कारागिरानेच दाखवले.

त्या कारागिराचा आणखी एक सल्ला आम्ही मानला आणि त्याचा लाभ झाला. पाच इंचांची उशी एकाच फोमची न करता खाली चार इंच कडक आणि वर एक इंच मऊ असे दोन थर लावले. त्यामुळे बसताक्षणी टणकपणा जाणवत नाही आणि तासाभराने माकडहाडाला फळीही लागत नाही. उशीच्या खाली इलास्टिकचे रुंद पट्टे आडवे-उभे विणून ताणलेले आहेत. नागमोडी स्प्रिंगाही लावता आल्या असत्या. चांगल्या पोलादाच्या असतील तर त्या अधिक टिकतात, पण लाकडी उघड्या सांगाड्याच्या सडपातळ बैठकीत पट्टे अधिक सुटसुटीत बसतात आणि सैल पडले तर कोणताही कुशनवाला ते बदलून देतो. उशीखाली सरळ प्लायवुड ठोकून देण्याची जी पद्धत आहे, ती टाळावी. त्यात पैसे वाचतात ते दुकानदाराचे, आणि तळाला हवा खेळत नसल्यामुळे पावसाळ्यात उशीच्या खालच्या अंगाला कुबट वास धरतो. पाठीच्या उशा मात्र आमच्या अपेक्षेला उतरल्या नाहीत. त्यांत भरलेला रेशमी पोताचा फायबर वर्षभरात तळाशी गोळा झाला आहे आणि दर आठवड्याला त्या हलवून, थोपटून सारख्या कराव्या लागतात. पुन्हा करायच्या झाल्या, तर पाठीलाही कमी कडकपणाचा फोमच घालावा असे मी सुचवीन.

कापडाची निवड आम्ही सौंदर्यापेक्षा धुण्याच्या सोयीवर केली. पुण्यात कुठे ना कुठे बांधकाम चालू असते आणि खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या घरात मखमली कापड धूळ धरून ठेवते. कृत्रिम चामडे आम्ही पहिल्यांदाच बाद केले. त्यातल्या पॉलियुरेथेनच्या थराचे दमट हवेत हळूहळू विघटन होते आणि काही वर्षांनी त्याचे पापुद्रे कपड्यांना चिकटू लागतात. उन्हाळ्यात पाय चिकटतात ते निराळेच. कापड किती घासले म्हणजे झिजते हे मोजण्याची मार्टिनडेल नावाची चाचणी आहे, आणि रोजच्या घरगुती वापरासाठी २० हजारांहून अधिक घासण्या सोसणारे कापड घ्यावे. हा आकडा चांगल्या कंपन्यांच्या नमुना-पुस्तिकेत मागील बाजूस छापलेला असतो. आम्ही सूत आणि पॉलिएस्टरच्या मिश्रणाचे, राखाडीकडे झुकणारे हिरवे कापड घेतले आणि सर्व खोळींना चेन लावून घेतली. शिवण्यापूर्वी कापड एकदा पाण्यातून काढायला मालकांना आठवण करावी लागली. त्यांनी ते केले म्हणून बरे, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर आखडलेल्या खोळीत पाच इंचांची उशी कोंबणे हा एक स्वतंत्र उद्योग झाला असता.

सोफ्याखाली सहा इंच मोकळी जागा ठेवली आहे. कामाला येणाऱ्या मावशींची पसंती आमच्या नव्या फर्निचरला मिळाली ती एवढ्याच कारणाने, आणि ती पसंती मी कमी लेखत नाही. जमिनीला टेकलेल्या सोफ्याखालचा कचरा वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी निघतो.

सेवेविषयी तक्रारी आहेत आणि त्या स्पष्ट लिहायला हव्यात. ठरलेली तारीख दसऱ्याची होती, संच प्रत्यक्षात दिवाळी उलटल्यावर आला. मधल्या काळात पॉलिशवाला गावी गेला, कापडाचा गठ्ठा आला नाही, अशी कारणे फोन केल्यावरच समजत. आपण होऊन कळवण्याची पद्धत नाही. पहिले बिल साध्या कागदावर ‘सोफा सेट’ एवढ्या दोन शब्दांत मिळाले. लाकडाची जात, फोमची घनता, कापडाचा क्रमांक आणि सांध्यांची हमी हे सर्व लिहिलेले जीएसटीचे बिल आम्ही आग्रह धरून घेतले, तेही शेवटचा हप्ता देण्यापूर्वी. तो हप्ता हातात राखून ठेवणे शहाणपणाचे ठरले, कारण त्यानंतर मालकांचा उत्साह जरा ओसरला. मार्चच्या कोरड्या हवेत एका खुर्चीचा मागचा पाय करकरू लागला, तेव्हा सुतार पाठवायला त्यांनी बरेच ताटकळत ठेवले. तो आला तेव्हा मात्र वरवर स्क्रू न मारता सांधा पूर्ण उघडून, नवा सरस लावून, रात्रभर शिकंजात आवळून दुरुस्त करून गेला, आणि पावसाळ्यातही तो सांधा पुन्हा करकरला नाही. पैसे घेतले नाहीत.

किमतीचा विचार करता, साधारण याच आकाराचा मढवलेला तयार संच निम्म्या पैशांत मिळतो आणि तो आठवडाभरात घरी येतो. ज्यांची बदलीची नोकरी आहे, जे भाड्याच्या घरात राहतात किंवा ज्यांच्या घरी लहान मुले सोफ्यालाच खेळाचे मैदान समजतात, त्यांनी तो घ्यावा. फक्त वर सांगितल्याप्रमाणे एक पाय उचलून आणि हाताचा आधार न घेता उठून पाहावे. कमी खर्चात हलके काही हवे असेल, तर वेताच्या खुर्च्या आजही उत्तम पर्याय आहेत. त्यांची वीण सैल झाली की ती पुन्हा घालून देणारे कारागीर अजून भेटतात. मापाने करून घेण्याचा मार्ग स्वतःच्या घरात स्थिरावलेल्या, थोडा धीर असलेल्या आणि घरात वडीलधारी माणसे असलेल्या कुटुंबांसाठी आहे. फोम आठ-दहा वर्षांनी बदलावा लागेल आणि कापड कदाचित त्याआधी. सांगाड्याला तोवर काही होऊ नये.

राहिला टीपॉय. तो याच कारखान्याकडून घेण्याची शिफारस मी करणार नाही, निदान त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने तरी नाही. सोफ्याला आणि खुर्च्यांना त्यांनी हाताने चढवलेले चपड्याचे, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचे पॉलिश केले आहे. ते दिसायला अतिशय देखणे असते, सागाच्या रेषा त्यातून उजळून दिसतात, आणि फिकट पडले तर घरच्या घरी पुन्हा चढवता येते. पण चपडा स्पिरिटमध्ये विरघळवलेला असतो आणि त्याला उष्णता व ओल दोन्ही सोसत नाहीत. टीपॉयलाही तेच पॉलिश केल्यामुळे पहिल्याच आठवड्यात चहाच्या कपांची पांढरी वर्तुळे त्यावर उमटली. टीपॉयच्या वरच्या फळीला मेलामाइनचे किंवा पीयूचे (पॉलियुरेथेनचे) पॉलिश आधीच सांगून करून घ्यावे. त्याचा उग्र वास काही दिवस घरात राहतो, म्हणून ते काम कारखान्यातच उरकून, फळी पुरती सुकल्यावरच टीपॉय घरी आणवावा.